मोक्षधामातला झेंडू

१ जानेवारी

ही डायरी सपनाने दिली. दुकानात पाइपच्या कंपनीकडून दरवर्षी चार-पाच येतात, त्यातली एक. "आई, तुमी दिवसभर किती काय काय सांगत असता. ते ह्याच्यात लिहून ठेवत जा ना," म्हणाली. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सूनबाईला माझ्या बोलण्याची एवढी कदर आहे हे आजच कळलं.

पहिल्या पानावर नाव, वय, पत्ता, रक्तगट विचारला आहे. नाव प्रमिला. वय त्रेसष्ट. पत्ता समुद्रपूर, बाजार रस्ता, पाइप-ताडपत्रीचं दुकान, मागे घर. रक्तगट माहीत नाही.

आज विशेष काही नाही. तुरीच्या शेंगा सोलल्या.

९ जानेवारी

बापूराव आले होते. हे आणि बापूराव एका वर्गातले. बापूराव एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जाईल असाच आहे.

त्यांनी एक मंडळ काढलं आहे. मोक्षधामात झाडं लावायची. रोज सकाळी साडेसहा ते आठ. मंडळात सध्या माणसं दोन, एक ते आणि एक कांताबाई. तिथला राखणदार नत्थूजी मदत करतो. कांताबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातली सिस्टर, ती पण आता रिटायर आहे, बौद्ध वस्तीत राहते. गावातल्या अर्ध्या पोरांना पहिली सुई तिनेच टोचली. धनंजयलाही.

"वहिनी, आमचं लावलेलं काहीच जगून नाई राह्यलं. तुमच्या मागच्या अंगणातला मोगरा पाह्यला मी. जराशी कलमं करून द्या ना."

धनंजय काउंटरवर बिल लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, गावात दुसरी जागा नाई का झाडं लावाले?" आणि उठून गोदामात गेला. काही आणायचं नव्हतं.

मी बापूरावांना म्हटलं, देईन. पण घरून. तिथं काही मी येणार नाही.

२ फेब्रुवारी

मोगऱ्याची चाळीस कलमं आणि कन्हेराच्या वीस फांद्या लावल्या. तेलाचे रिकामे डबे, तळाला खिळ्याने भोकं. थंडी ओसरल्यावर मोगरा फुटतो, हे बापूरावांना कुठून माहीत असणार? त्यांनी ऐन थंडीत लावला होता.

जेवताना सपनाने विचारलं, एवढी कोणासाठी? मी म्हटलं, मोक्षधामासाठी. धनंजयने अर्धी पोळी ताटातच ठेवली. या पोराला कसला एवढा सोवळेपणा आहे कोण जाणे. हे असे नव्हते.

२१ फेब्रुवारी

ऑटोत डबे घालून फाटकापर्यंत नेऊन दिले. आत गेले नाही. आमच्याकडे बायका जात नाहीत. माझी आई गेली नाही, सासूबाई गेल्या नाहीत. हे गेले तेव्हा आम्ही बायका पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून वळलो.

कांताबाई डबे घ्यायला बाहेर आली. "आत या ना बाई."

"गुडघा दुखतो," मी म्हटलं.

फाटकापासून आत सगळं सपाट आहे, पण गुडघ्याचा भरवसा नाही.

उभ्या उभ्या पाहिलं तेवढं लिहिते. एक मोठा कडूनिंब, त्याखाली बाक. मधे लोखंडी खांबांवर पत्र्याचं शेड, नवंच दिसतं. निळे पत्रे आहेत, आमच्या गोदामावर आहेत तसेच. त्याखाली चितेचे दोन ओटे. नवल म्हणजे देणगीदाराचं नाव कुठंच नाही. आपल्या गावात एक बाक दिला तर माणूस त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची नावं लिहितो.

२६ फेब्रुवारी

आज फार संताप झाला. उरलेली कन्हेरं द्यायला गेले, तर फाटकातून दिसलं की बापूरावांनी मोगरा हातभर अंतराने एका ओळीत गाडला आहे, अगदी तिकिटाच्या रांगेसारखा, आणि देठ चार-चार बोटं मातीत. मी ओरडले. त्यांना ऐकू आलं नाही, इतकी वर्षं इंजिनाजवळ उभं राहून कान गेले आहेत. परत ओरडले. त्यांनी हात हलवला.

मग गेले आत आणि खुरपी हातातून घेतली. सगळी वर काढून नीट लावून दिली. कांताबाई आळी करत होती, बापूराव "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत पाणी आणत होते. आवरलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. नत्थूजीने तांब्या पुढे केला, तेव्हा ध्यानात आलं की मी कुठं उभी आहे.

गुडघा दुखला नाही.

घरी मागच्या दाराने येऊन डोक्यावरून आंघोळ केली. नखांत माती राहिलीच. धनंजयने पाहिली. 

८ मार्च

आता रोज जाते. चालतच. गोदामापासून मोक्षधामावरून घराकडे यायचा रस्ता जवळचा आहे, पण धनंजय तिथून येताना नेहमी बसस्टँडवरून फेरा घेऊन येतो. फुकट पेट्रोल जाळतो.

नाल्याच्या पलीकडे कांताबाईच्या लोकांची दहनभूमी आहे. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. आज आळ्यात शेणखत घालता घालता मी विचारलं, तुमच्याकडे बायका जातात?

"जातात ना. मी शेवटपर्यंत होती."

मला ते कसंतरीच वाटलं. कशी उभी राहिली असेल! मग विचारलं, किती वेळ लागतो. तिने सांगितलं. मग विचारलं, आवाज येतो का. तेही सांगितलं. दवाखान्यात काम केलेली बाई, तिला कसलाच आडपडदा नाही. मग मी म्हटलं, जाऊ द्या, मला काय करायचं आहे, आणि मोगऱ्याला पाणी घातलं. त्याला आल्याआल्याच घातलं होतं.

३० मार्च, पाडवा

सपनाला दिवस आहेत! तिसरा महिना. गाठी-कडुनिंबाच्या ताटापाशीच सांगितलं तिने. 

संध्याकाळी धनंजय म्हणाला, "आता तरी तिथं जाणं बंद कर, आई." त्याने म्हणायच्या आधीच माझ्या मनात आलं होतं. घरात पोटुशी बाई, आणि आपण रोज मसणवटीतून यायचं. मनाला पटत नाही. बापूरावांना फोन करून गुडघ्याचं सांगितलं.

१९ एप्रिल

सपनाचं मी किती करते ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे तिलाच वाचायला बरं. सकाळी सहाला उठवून भिजवलेले बदाम. साडेसहाला दूध. मग पायाला तेल. मोबाइल बघू देत नाही, डोळ्यांना वाईट. डाव्या कुशीवर झोपली आहे की नाही हे मी दुपारी दोनदा बघून येते. पपई, तीळ, बाजरी सगळं बंद. दिवसभर तिच्याजवळ बसून चांगल्या गोष्टी सांगते, बाळाच्या कानी पडतात.

इतकं करूनही पोरगी मेहनती. आता दिवसभर दुकानातच बसते, धनंजयला मदत म्हणून. दुकानात कूलर नाही, तरी बसते.

कांताबाई जाता-येता दारावरून सांगून जाते. आज म्हणाली, "मोगऱ्याले कळ्या आल्या." मी विचारलं नव्हतं.

३० एप्रिल, अखजी

अक्षय तृतीया, ह्यांच्या नावाची घागर भरली. पुरणपोळी, कुरडई, आंब्याचा रस. ह्यांना रसात मिरपूड लागायची, ती घातली.

मोक्षधामातली बोअर आटली, कांताबाई सांगत होती. नाल्यापलीकडे त्यांच्या बोअरला पाणी आहे आणि त्यांची समिती द्यायला तयार आहे, पण तिथून इकडे आणायचं कशाने? बापूराव आणि ती दोघं बादल्या घेऊन नाला ओलांडतात. या उन्हात, या वयात.

धनंजय तिथंच होता. संध्याकाळी पाहते तर पाइपाचे दोन गुंडाळे ऑटोत चढवून बापूरावांकडे पाठवले होते. जोडायला मिस्त्रीसुद्धा पाठवला. आईने जायचं नाही, स्वतः पाऊल टाकायचं नाही, आणि पाइप मात्र द्यायचा. पोराचं काही कळत नाही.

१४ मे

आज दुपारी सपना डाव्या कुशीवर आहे का बघायला तिसऱ्यांदा गेले, तर ती उठून बसली आणि दोन्ही हात जोडले.

"आई, पाया पडते तुमच्या. उद्यापासून सकाळी तिकडं जात जा."

"अगं पण, तुझ्या अशा दिवसांत..."

"मले काही होत नाई. मी डॉक्टरनीले विचारलं, कांतामावशीले विचारलं. तुमी गेल्या नाई तर मात्र मले काहीतरी होईल."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्यामुळे तिकडची झाडं मरत आहेत हे तिला सहन होत नाही. एवढंसं वय, आणि केवढं मोठं मन! धनंजयलाही तिनेच सांगितलं. आतल्या खोलीत बराच वेळ बोलत होती.

१५ मे

पहाटे साडेपाचलाच गेले. मोगऱ्याची बावीस झाडं हिरवी आहेत, बाकी वाळली. कन्हेर सगळं जगलं. बापूराव काळे पडले आहेत आणि कांताबाईचा खांदा धरला आहे. मला पाहून बापूराव म्हणाले, "गुडघा कसा हाय?" मी म्हटलं, बरा आहे. कांताबाई पाठमोरी होऊन हसली असं वाटलं.

२ जुलै

दसऱ्यासाठी झेंडूचं बी टाकलं. सहा वाफे. कांताबाईने तारेच्या कुंपणाला दोडक्याचे आणि कोहळ्याचे वेल लावले आहेत. मी तिला स्पष्ट सांगितलं, हे गावात कोणी खाणार नाही. मी पण नाही.

"नका खाऊ," ती म्हणाली. "मी खाईन. माती ते माती."

९ ऑगस्ट

सपना माहेरी गेली, गिरडला. पहिलं बाळंतपण तिकडेच. निघताना माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. घर रिकामं रिकामं झालं आहे. धनंजय आणि मी समोरासमोर बसून जेवतो. तो मान खाली घालून जेवतो, मी झेंडूचं सांगते.

२८ ऑगस्ट

कांताबाईने डबा दिला, भाजी होती. चांगली झाली होती, लसूण बराबर. कशाची ते मी विचारलं नाही. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून शंकरपाळे भरून दिले.

१८ सप्टेंबर

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

खुरपणी चालू होती आणि सात वाजता एकदम जोराचा पाऊस आला. बापूराव आणि कांताबाई आलेच नव्हते. मी शेडखाली गेले. नत्थूजी तिथंच बसला होता. बराच वेळ पाऊस पाहत होता, मग आपणहूनच बोलायला लागला.

"बंडूजीले आनलं तवाई असाच पानी होता, बाई."

बंडूजी म्हणजे हे.

"तवा शेड नवतं ना हे. उघड्यावरच होतं सारं. लाकडं वली. पेटेच नाई. राकेल वतलं, डालडा टाकला, पेटे आन् इजे. धनंजयनं दुकानातून ताडपत्री आनली. चार पोरं चार कोपरे धरून हुबी राह्यली. वारं असं, का ताडपत्री हातातून सुटे. मंग लोकं कंटाळले, एक-एक घरी गेले. पोरं बी गेली."

"मग?"

"मंग काय. तो एकटाच होता. बापूराव होते, पन त्याहीले ताप चढला त मीच म्हनलं जा तुमी. थो एक कोपरा धरे, मी एक धरो. अंधार पडला, तवा कुठं नीट लागली. मी म्हनलं, पोरा, जाय आता घरी. गेलाच नाई. तिथं बसला होता." त्याने बोटाने दाखवलं. कडूनिंबाच्या पुढे, माझ्या झेंडूच्या दुसऱ्या वाफ्यापाशी.

त्या रात्री धनंजय उशिरा आला, एवढं मला आठवतं. ओला होता. मी त्याला टॉवेल दिला होता. कोणी काही विचारलं नव्हतं.

"मंग चारच महिन्यात हे शेड टाकून देल्लं त्यानं," नत्थूजी म्हणाला. "मले म्हने, नाव नोका लिवू."

मी वर पाहिलं. पावसाचा एवढा आवाज होता, पण कुठं थेंब गळत नव्हता.

पाऊस थांबल्यावर मी पुन्हा खुरपी घेतली. पहिला वाफा झाला, दुसरा झाला. तण फार माजलं होतं. नऊ वाजले तरी उठवेना.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

पानं वाढली, कावळ्याला घास ठेवला. मग आम्ही दोघं जेवायला बसलो. तीन दिवस मनात घोळत होतं, कसं काढावं कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "पत्रे चांगले टाकले तू. गळत नाहीत."

त्याचा हात ताटातच राहिला.

"कोणी सांगतलं?"

"नत्थूजीनं. सगळंच सांगितलं."

 मला वाटलं उठून गोदामात जाईल. उठला नाही. खाली पाहत म्हणाला, "पेटतच नवती, आई. बाबा इतके वेळ पावसात. मले वाटे, त्याहीले थंडी वाजत असंल."

एकतिसाव्या वर्षी बाप होणारा मुलगा, आणि लहान पोरासारखा रडला. मी पदराने त्याचं तोंड पुसलं. माझे हात वरणभाताचे होते.

"मला का नाही सांगितलं रे?"

"तू विचारलंच नाई."

खरं आहे. मी विचारलं नव्हतं. तीन वर्षं मी त्याला बाकी सगळं विचारलं.

२३ सप्टेंबर

आज पावणेसातला धनंजय मोक्षधामात आला. मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, पाइपाचा जोड गळतो म्हणून मिस्त्री सांगत होता, बघून घेतो. जोड काही गळत नव्हता. त्याने उघडला, पुसला आणि परत बसवला. मग शेडखाली जाऊन उभा राहिला. आम्ही कोणी तिकडे पाहिलं नाही, आपापलं काम करत राहिलो.

थोड्या वेळाने बापूरावांनी त्याच्या हातात फावडं दिलं. "चाल, बकुळीचे खड्डे राह्यले." चार खड्डे खणले त्याने. हाताला फोड आले. दुकान आज साडेदहाला उघडलं. हे असते तर बोलले असते.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडू असा आला की वाफे दिसेनासे झाले. केशरी आणि पिवळा. पण घेणार कोण? बापूरावांनी चार घरी विचारलं, चारही घरांनी हात जोडले. मीच त्यांना म्हटलं, दुसरं काय होणार? मसणातली फुलं दाराला कोण बांधेल?

कांताबाई म्हणाली, "आमाले द्या. दसऱ्याले आमचाई मोठा दिवस राह्यते, दीक्षेचा. विहारात लागतात."

काल संध्याकाळभर आम्ही दोघी तिच्या ओसरीवर माळा करत बसलो. ती सुईत दोरा ओवून मला देत होती, माझी नजर तेवढी चांगली नाही. आज सकाळी पांढरी साडी नेसून ती बोलवायला आली. मी आजवर विहारात गेले नव्हते. गेले. सगळी भिंत आमच्या झेंडूने भरली होती. लहान पोरी ओळीने बसून वंदना म्हणत होत्या. मला त्यातलं काही येत नव्हतं, मी नुसती हात जोडून बसले. बाया येऊन विचारत होत्या, फुलं तुमची का? मी म्हटलं, हो, आमच्या मंडळाची.

आमच्या दाराला बाजारातलाच झेंडू बांधला. धनंजय म्हणाला, आपला काऊन नाई? मी म्हटलं, सपना बाळ घेऊन येऊ दे, मग पाहू. माझं मन अजून तिथवर येत नाही, खोटं कशाला लिहू. एक माळ मात्र ह्यांच्या फोटोला घातली. ह्यांची काय हरकत असणार?

१९ ऑक्टोबर

मुलगी झाली! परवा पहाटे. अडीच किलो, केस भरपूर. आज जाऊन पाहून आले. सपना छान आहे. मी तिला बाळाला कसं धरायचं, टाळूला तेल किती, शेक कधी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, डायरी लिहिता ना अजून?" दमलेली असूनही तिला आठवण होती.

धनंजयने मुलीला घेतलं आणि अर्धा तास कोणाला दिलंच नाही.

६ नोव्हेंबर

मंडळात आता सात जण आहेत. धनंजय आठवड्यातून दोनदा येतो. बापूरावांनी हजेरीची वही केली आहे आणि उशीर झाला की शिट्टी वाजवतात. कांताबाई म्हणते, माणसाची नोकरी सुटते, शिट्टी सुटत नाही. तिने लावलेल्या वांग्यांना कीड लागली होती, निंबोळीचा अर्क मारला.

१२ डिसेंबर

अंत्ययात्रा आली की आमच्या मंडळाने हत्यारं उचलून नाल्याकडे जायचं, असा नियम आहे. आज साडेसातला एक आली. वेशीकडच्या घरचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे. आम्ही उठलो. मी सगळ्यांत मागे होते.

फाटकापाशी बायका थांबल्या होत्या, परत वळायच्या बेतात. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिने फाटकाचा गज धरला होता आणि ती सोडतच नव्हती. "चला आजी, चला घरी," एक सून तिची बोटं सोडवत होती. म्हातारी आत पाहत होती. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिला फारसं दिसत नाही.

माझ्या हातात खुरपी होती. ती तिथंच मातीत रोवली आणि गेले. म्हटलं, "बाई, आत बसायचंय का?"

तिने माझ्याकडे तोंड केलं. "बसू देतीन?"

मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार. दोघी आत आलो. आतून कोणीतरी म्हणालं, अहो, बायका कशाला... पण बापूरावांचा आवाज त्याच्यावरून गेला, "असू द्या! ह्या आमच्या मंडळातल्या हायत!"  कांताबाईने पाण्याचा तांब्या आणला. म्हातारीला कडूनिंबाखालच्या बाकावर बसवलं. तिचं नाव मनकर्णाबाई.

मी बाजूला उभी राहिले.

"काय करून राह्यले?" तिने विचारलं.

"लाकडं रचत आहेत."

"कोन?"

"दोघं जण आहेत. एक उंच, चष्म्यावाला."

"थो लहाना. मोठा रडून राह्यला का?"

"हो."

"रडू दे."

मग मी जे दिसलं ते सांगत गेले. आता उचललं. आता ठेवलं. मुलगा मडकं घेऊन फिरतो आहे. नीट ठेवलं का, डोकं कुठं आहे, असं ती एक-एक विचारत होती आणि मी सांगत होते.

"लागली?"

"लागली. चांगली लागली. लाकडं वाळलेली आहेत."

तिने मान हलवली. धूर आमच्याकडे आला नाही, वारा नाल्याकडे होता. लोक हळूहळू निघाले. सून येऊन विचारून गेली, मनकर्णाबाईने नाही म्हटलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुमचा मानूस?"

"इथंच," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली."

"तुमी होत्या?"

"नाही."

 तिने काठी पलीकडे ठेवली, लुगडं सावरलं, बाकावर थोडी सरकली आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "मंग बसा जराशा."

मी बसले. साडेबारापर्यंत आम्ही दोघी तिथं होतो.